दंतव्यथेची पहिली घटका

दुधाचा दात पडला की तो कौलावर फेकावयाचा अथवा उंदराच्या बिळाशी नेऊन टाकावयाचा आणि नव्या दाताची वाट पाहावयाची, ही रीत आपल्या घराघरांतून इतक्या पिढ्या चालत आली आहे की, हिरडीतून सुटून बाहेर आलेला दात म्हणजे संपलेला दात, अशी समजूत नकळत आपल्या मनात कायमचे ठाण मांडून बसते. दुधाच्या दातापुरती ती योग्यच होय. परंतु सहाव्या-सातव्या वर्षापासून पुढच्या बाजूस जे पटाशीचे दात उगवू लागतात ते जन्मभराचे असतात, आणि नेमके त्याच वयात मूल सायकलीवरून पडते, खो-खोच्या खांबावर आदळते, जिन्यावरून कोसळते. तेव्हा मुळासकट निखळून मातीत पडलेल्या दाताकडे, रक्त थांबविण्याच्या आणि मुलाला उगी करण्याच्या गडबडीत, मोठी माणसे ढुंकूनही पाहत नाहीत, आणि जो दात वेळीच जागच्या जागी बसविला असता तर पुढे कित्येक वर्षे चालला असता तो मैदानाच्या धुळीत राहून जातो. दातांच्या आकस्मिक दुखण्यांत दंतवैद्याच्या हाती काय आहे यापेक्षा, दंतवैद्य भेटेपर्यंत घरच्या माणसांच्या हाती काय आहे, याला पुष्कळदा अधिक महत्त्व असते. आणि मुळासकट पडलेला दात हे त्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण होय.

असा दात निरखून पाहावा. तोंडात दिसणारा चकचकीत पांढरा भाग हा त्याचा निम्म्याहून कमी अंश असतो. त्याखाली पिवळसर, निमुळते होत गेलेले लांब मूळ असते, आणि त्या मुळावर ओलसर, किंचित तांबूस असा अत्यंत पातळ पापुद्रा चिकटलेला असतो. अजाण माणूस त्यालाच घाण समजून फडक्याने पुसून किंवा नखाने खरडून काढतो, आणि दात वाचण्याची सारी आशा त्या एका कृतीबरोबर नाहीशी होते. कारण दात हा जबड्याच्या हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसून असंख्य सूक्ष्म तंतूंनी खाचेत तोलून धरलेला असतो. जोराचा आघात झाला म्हणजे हे तंतू मध्येच तुटतात, त्यांचा काही भाग हाडाकडे राहतो आणि काही भाग मुळाबरोबर बाहेर येतो. मुळावरच्या या पेशी जिवंत असतानाच दात खाचेत परत गेला तर तुटलेले तंतू पुन्हा सांधले जातात. कोरड्या हवेत मात्र त्या पेशी झपाट्याने मरू लागतात; पहिल्या १५ मिनिटांत दात बसविला गेला तर उत्तम, अर्ध्या तासानंतर आशा उतरणीला लागते, आणि दात ६० मिनिटे कोरडा पडून राहिला तर त्या पेशींपैकी बहुतेक जिवंत राहत नाहीत. गावापासून दंतवैद्याचा दवाखाना किती अंतरावर आहे हे ज्याने त्याने मनाशी ताडून पाहावे, म्हणजे या मुदतीतील मुख्य कामगिरी आपल्यालाच पार पाडावी लागणार हे सहज ध्यानात येईल.

ती कामगिरी अशी. दात शोधून काढून त्याचा पांढरा भाग चिमटीत धरावा, मुळाला बोट लावू नये. माती लागली असल्यास तो दुधात किंचित हलवून काढावा, किंवा थंड पाण्याच्या बारीक धारेखाली फार तर १० सेकंद धरावा. घासणे, साबण लावणे, जंतुनाशक औषधात बुडविणे हे सर्व वर्ज्य समजावे. मग मूल शुद्धीवर आणि सावध असेल तर दाताची पुढची बाजू पुढे येईल अशा बेताने तो हलक्या हाताने खाचेत सरकवावा, शेजारच्या दातांच्या ओळीत आला की नाही ते पाहावे, आणि स्वच्छ रुमालाची घडी मुलाला अलगद चावून धरावयास सांगून तसेच दंतवैद्याकडे निघावे. हे वाचतानाच पुष्कळांच्या अंगावर काटा येईल, याची मला जाणीव आहे. परंतु आरंभीच्या काही मिनिटांत खाचेत रक्ताची गाठ पक्की झालेली नसते, त्यामुळे दात बहुधा फारशा आडकाठीवाचून आत जातो, आणि ज्या शिक्षकाने किंवा आईने एवढे धैर्य दाखविले तिने त्या मुलासाठी जे केले तेवढे पुढे कोणत्याही मोठ्या शहरातील निष्णात वैद्यालाही करता येत नाही.

धैर्य झाले नाही, किंवा मूल फारच घाबरले असेल, तर दुसरी तजवीज आहे, आणि ती अगदी गरिबाच्याही आवाक्यातील आहे. एका लहान भांड्यात थंड दूध घेऊन त्यात दात बुडवून ठेवावा. दुधातील क्षारांचे प्रमाण शरीरातील पेशींना मानवणारे असल्यामुळे मुळावरच्या पेशी त्यात काही काळ तग धरतात. साधे पाणी मात्र त्या पेशींत शिरून त्यांना फुगवून फोडते, म्हणून पाण्यात दात ठेवणे हा शेवटचा, नाइलाजाचा उपाय होय, यद्यपि कोरड्या रुमालात बांधून नेण्यापेक्षा तोही बरा. दूध साखर न घातलेले असावे. ताक-दही आंबट असल्यामुळे चालत नाही. आपल्याकडे शाळेच्या फाटकासमोर बहुधा चहाची एखादी टपरी असतेच, आणि तेथे दुधाची पिशवीही असते. एवढी एक गोष्ट शाळेच्या शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सर्वांना ठाऊक असली तर पुष्कळ मुलांचे दात वाचतील. दूधही मिळत नसेल तर मुलाने एखाद्या वाटीत थुंकावे आणि त्या थुंकीत दात ठेवावा; मोठ्या माणसाला स्वतःचा दात गाल आणि हिरडी यांच्यामध्ये धरून नेता येतो, परंतु लहान मुलाकडून किंवा गुंगी आलेल्या माणसाकडून तो गिळला जाण्याचे भय असते.

दुधाचा दात मात्र कधीही परत बसवू नये; त्याच्या वर हाडात कायमच्या दाताचा अंकुर वाढत असतो आणि त्याला इजा पोहोचू शकते. दात दुधाचा की कायमचा याविषयी संशय असेल तेथे तो दुधात घालून बरोबर न्यावा आणि निर्णय वैद्यावर सोपवावा. दंतवैद्य बसविलेला दात लवचीक तारेने शेजारच्या दातांशी सुमारे दोन आठवडे बांधून ठेवतो, धनुर्वाताची लस घेतलेली आहे की नाही याची चौकशी करतो, आणि मुळाची वाढ पूर्ण झालेली असल्यास दोन आठवड्यांच्या आतच रूट कॅनॉलची उपाययोजना सुरू करतो. वाढ अपुरी असलेल्या मुळात रक्ताभिसरण आपोआप पुन्हा चालू होण्याचीही शक्यता असते. तास उलटून गेला म्हणून दात फेकून देण्याचेही कारण नाही. उशिरा बसविलेला दात कालांतराने झिजून जाईलही, परंतु वाढत्या वयात तो तेथे असल्यामुळे जबड्याचे हाड आपली उंची-रुंदी राखून असते, आणि हा लाभ लहान नव्हे.

या सर्व धांदलीत एक गोष्ट दाताच्याही आधी पाहावयाची असते. मूल क्षणभरही बेशुद्ध झाले असेल, ओकाऱ्या होत असतील, नाका-कानांतून पाण्यासारखा द्रव येत असेल, तर तो डोक्याचा अपघात समजून थेट रुग्णालय गाठावे. पडलेला दात कोठेच सापडत नसेल तर तेही डॉक्टरांना अवश्य सांगावे. दात श्वासनलिकेत गेलेला असू शकतो आणि ते छातीच्या क्ष-किरण चित्रावरून कळते. दाताचा नुसता तुकडा उडाला असल्यास तो पाण्यात किंवा दुधात घालून जपून न्यावा, तो पुष्कळदा पूर्ववत चिकटविता येतो. तुटल्या जागी लालसर ठिपका दिसत असेल तर आतला गर उघडा पडला आहे असे समजून दिरंगाई करू नये.

आता आघाताने नव्हे तर आतून येणाऱ्या संकटाकडे वळतो. दिवसभर कामाच्या रगाड्यात ज्या दाढेची फारशी आठवणही झाली नव्हती ती रात्री अंथरुणावर पाठ टेकताच ठणकू लागते आणि घरातील सर्वांची झोप उडविते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. दाताच्या पोटात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू यांनी भरलेला मऊ गर असतो. कीड तेथवर पोहोचली म्हणजे शरीराच्या इतर कोणत्याही भागाप्रमाणे त्या गरालाही सूज येते, परंतु भोवतालच्या कठीण भिंतींमुळे त्याला फुगावयास तसूभरही जागा नसते, आणि तो सारा दाब मज्जातंतूवर पडतो. आडवे झाले की डोक्याकडील रक्ताचा दाब वाढतो आणि कळ अधिक तीव्र होते. म्हणून अशा रात्री पहिला उपाय म्हणजे उशाशी दोन-तीन उश्या घेऊन अर्धवट बसते होणे. कोमट पाण्यात मीठ घालून सावकाश चूळ भरावी, दातांत अडकलेला अन्नाचा कण दोऱ्याने काढावा, आणि गालावर बाहेरून थंड पाण्याची घडी ठेवावी. मोठ्या माणसाने पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची गोळी वेष्टनावरील सूचनेप्रमाणे घ्यावयास हरकत नाही, मात्र २४ तासांत ४ ग्रॅमची मर्यादा कदापि ओलांडू नये आणि यकृताचा विकार असलेल्याने डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये. आयबुप्रोफेन अधिक गुणकारी ठरते खरे, परंतु पोटातील व्रण, मूत्रपिंडाचा विकार, गर्भारपण किंवा डेंग्यूचा संशय असताना ते टाळलेच पाहिजे. लवंगेच्या तेलाचा उपयोग ही काही नुसती आजीबाईच्या बटव्यातील समजूत नव्हे. त्यातील युजेनॉल हे द्रव्य खरोखर बधिरता आणते आणि दंतवैद्य स्वतः ते जस्ताच्या भस्माबरोबर खलून तात्पुरत्या भरणासाठी वापरीत आले आहेत. तथापि कापसाचा लहानसा बोळा तेलात बुडवून, निपटून, किडलेल्या खळग्यातच ठेवावा. हिरडीवर ओतलेले तेल भाजते.

अॅस्पिरिनची गोळी दाढेशी दाबून धरण्याची चालही अशीच घातक आहे, हिरडीवर तिच्याने पांढरा, सोललेला चट्टा उठतो. परंतु त्याहूनही ज्या गोष्टीविषयी कळकळीने लिहावेसे वाटते ती म्हणजे मशेरी. तव्यावर तंबाखू जाळून केलेली ही काळी पूड आपल्या खेड्यापाड्यांतील किती तरी स्त्रिया प्रथम दाढदुखीवरचा इलाज म्हणूनच बोटावर घेतात. निकोटिनाच्या अंमलाने दुखणे काही काळ दबते, कीड आत आपले काम चालूच ठेवते, आणि दाढ केव्हाच पडून गेली तरी मशेरी सुटत नाही. तंबाखूच्या या नित्य संपर्कातून तोंडाचा कर्करोग उद्भवतो. ज्या घरात सासूने सुनेला मशेरी लावावयास शिकविले त्या घरातील सुनेला वेळेवर तालुक्याच्या दवाखान्यात नेले असते तर एका दाढेच्या भरणावर ते प्रकरण मिटले असते, असे म्हणण्यात मला अतिशयोक्ती दिसत नाही.

औषधाच्या दुकानातून ‘दाढदुखीची गोळी’ म्हणून प्रतिजैविकाच्या चार कॅप्सूल मागून आणण्याची सवयही सोडली पाहिजे. गराच्या सुजेमुळे होणारी वेदना प्रतिजैविकाने शमत नाही, आणि अर्धवट घेतलेल्या मात्रांनी जंतू मात्र औषधाला दाद देईनासे होतात. याहून फसवा प्रकार म्हणजे तीन-चार दिवस ठणकलेली दाढ एकाएकी गप्प होणे. रोगी सुटकेचा निःश्वास टाकतो, ऊसतोडीचा किंवा लग्नसराईचा हंगाम असला तर दवाखान्यात जाण्याचा बेत रहित करतो. वास्तविक त्या वेळी गर मेलेला असतो, म्हणूनच तो दुखत नाही, आणि मृत गरात वाढणारे जंतू मुळाच्या टोकातून हाडात उतरू लागलेले असतात. काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, गालफड सुजून वर येते तेव्हा त्या जुन्या दुखण्याशी त्याचा संबंध आहे हे रोग्याच्या ध्यानीही नसते.

सुजेच्या बाबतीत हयगय जिवावर बेतू शकते. खालच्या दाढांच्या मुळांशी झालेला पू जबड्याच्या आतील बाजूने उतरून जिभेखालच्या आणि हनुवटीखालच्या मऊ भागात पसरला म्हणजे जीभ वर उचलली जाते आणि श्वासाचा मार्ग अरुंद होत जातो. विल्हेल्म फ्रीडरिख फॉन लुडविग या जर्मन वैद्याने १८३६ साली या विकाराचे वर्णन केले, आणि आजही तो त्याच्याच नावाने ओळखला जातो. त्याची चिन्हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक असावीत: हनुवटीखाली दोन्ही बाजूंना लाकडासारखी टणक सूज, ताप, तोंड उघडेनासे होणे, घास तर राहोच पण स्वतःची लाळही गिळता न येणे, आवाज घोगरा किंवा कोंडल्यासारखा होणे. यांपैकी काही दिसताच सकाळ होण्याची वाट पाहू नये आणि दातांच्या दवाखान्याचे दार ठोठावीत बसू नये. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून मोठे रुग्णालय गाठावे, रोग्याला उताणे न निजविता बसते ठेवावे. मधुमेह असलेल्या माणसांत हा प्रसार विशेष वेगाने होतो. अशा सुजेवर तव्यावर तापविलेल्या फडक्याचा शेक देण्याची आपल्याकडे जी स्वाभाविक ओढ असते ती आवरली पाहिजे. उष्णतेने रक्ताचा ओघ वाढून सूज अधिकच फैलावते, आणि पू गालाच्या कातडीतून फुटला तर चेहऱ्यावर जन्माची खूण राहते.

वरचा दात काढला तर डोळ्याची नजर जाते, ही समजूत सुशिक्षित घरांतही आढळते आणि तिच्यापायी वरचे कितीतरी किडलेले दात वर्षानुवर्षे तसेच ठेवले जातात. दृष्टीचा मज्जातंतू डोळ्याच्या पाठीमागून स्वतंत्रपणे मेंदूकडे जातो, दातांच्या मज्जातंतूंशी त्याचा काही संबंध नाही. उलट वरच्या सुळ्याच्या मुळाशी झालेला पू तसाच राहू दिला तर सूज खालच्या पापणीपर्यंत चढते, आणि चेहऱ्याच्या नीलांमधून जंतू मेंदूच्या तळाशी असलेल्या मोठ्या शिरेपर्यंत पोहोचण्याचे भय असते. तेव्हा डोळा खरोखरच धोक्यात येतो. अर्थात डोळ्याला अपाय होतो तो दात काढल्याने नव्हे, तो न काढल्याने.

बहुतेक माणसे दंतवैद्याकडे उशिरा जातात ती मात्र पैशापेक्षा भीतीमुळे, असे माझे मत आहे, आणि ही भीती हसण्यावारी नेण्याजोगी नव्हे, कारण एके काळी ती पूर्णपणे रास्त होती. अमेरिकेतील हार्टफर्ड गावचा होरेस वेल्स हा दंतवैद्य ११ डिसेंबर १८४४ रोजी नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतः रोग्याच्या जागी बसला आणि त्याने आपला दात काढवून घेतला. पुढील दोनच वर्षांत विल्यम मॉर्टन या दुसऱ्या दंतवैद्याने ईथरचा प्रयोग यशस्वी केला, आणि सर्व शस्त्रक्रियांचे वेदनामय युग संपुष्टात आले. आज सर्रास टोचले जाणारे लिग्नोकेन १९४३ साली स्वीडनमध्ये तयार झाले. परंतु भित्र्या रोग्याने लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, पू झालेल्या भागात आम्लता वाढलेली असते आणि तेथे बधिरतेचे औषध नीट लागू पडत नाही. दुखण्याच्या भीतीने जो थांबतो त्यालाच शेवटी अधिक दुखते.

दुखणे दाताचे नसतानाही जबडा दुखू शकतो. चालताना किंवा जिना चढताना खालचा जबडा भरून येत असेल, विश्रांतीने थांबत असेल, त्याबरोबर घाम, धाप, मळमळ किंवा छातीवर दडपण असेल, तर ती हृदयविकाराची सूचना मानून ताबडतोब रुग्णालयात जावे. दात काढल्यानंतरचा रक्तस्राव बहुधा साधा असतो: स्वच्छ कापडाची घट्ट घडी त्याच जागी ठेवून अर्धा तास सलग, मध्ये उघडून न पाहता, चावून धरावी, त्या दिवशी चुळा भरणे, थुंकणे, विडी-तंबाखू वर्ज्य. रक्त पातळ करणारे औषध चालू असलेल्यांचे रक्त थांबत नसेल तर त्वरित डॉक्टरांकडे जावे, मात्र ते औषध मनाने बंद करू नये. जांभई देताना जबडा निखळून तोंड उघडेच राहिले तर जोर न लावता हनुवटीला कापडाचा आधार देऊन रोग्याला न्यावे.

कोठे न्यावे हे मात्र संकट येण्यापूर्वीच ठरलेले असावे. तालुक्याच्या गावी रात्री कोणता दवाखाना उघडा असतो, जिल्हा रुग्णालयात दंतविभाग कोणत्या वेळी चालतो, याची चौकशी फावल्या वेळी करून ठेवता येते. मुंबईत १९३३ पासून चालत आलेले नायर दंत महाविद्यालय आहे, सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथेही शासकीय महाविद्यालये आहेत, गोव्यात बांबोळीला आहे. तेथे अल्प खर्चात उत्तम उपचार होतात. दंतवैद्यकाचा व्यवसाय नोंदणीकृत व्यक्तीनेच करावा असे १९४८ च्या कायद्याने ठरविलेले असताना आठवडी बाजारात फडके पसरून दात काढणारे आणि नकली दात शेजारच्या दातांना कायमचे चिकटवून देणारे लोक अद्याप दिसतात. त्यांच्या हातच्या उपचाराने स्वस्ताईही होत नाही, कारण अशा चिकटविलेल्या दाताखाली अन्न कुजून शेजारचे चांगले दातही जातात.

काही प्रसंग असे आहेत की ज्यांच्या आधी दात तपासून घेणे ही चैन नसून दक्षता होय. गर्भधारणेचा विचार असलेल्या स्त्रीने आधीच दाढांचे काम उरकावे. ते राहिलेच तर चौथ्या ते सहाव्या महिन्यांत उपचार सुखाने करता येतात, आणि पू झाला असेल तर कोणत्याही महिन्यात थांबू नये. पायी वारीला निघणाऱ्या वयस्क मंडळींनी, दूरच्या यात्रेला जाणाऱ्यांनी, जहाजावर नोकरीस असलेल्यांनी निघण्याच्या महिनाभर आधी जावे, म्हणजे काम निघाल्यास ते पुरे होण्यास अवधी राहतो. अमेरिकेला शिकावयास जाणाऱ्या मुलामुलींच्या बाबतीत तर हे अत्यंत निकडीचे आहे, कारण तेथे दंतोपचार अतिशय महाग असतात आणि विद्यार्थ्यांच्या सर्वसाधारण आरोग्यविम्यात पुष्कळदा त्यांचा समावेश नसतो. अर्धवट उगवलेली अक्कलदाढ किंवा अर्धवट सोडलेले रूट कॅनॉल घेऊन विमानात बसू नये, आणि निघताना दातांच्या क्ष-किरण चित्रांची प्रत, चालू औषधांची नावे व न मानवणाऱ्या औषधाची नोंद असलेला कागद पारपत्राबरोबर ठेवावा.